बल्ब बदलला, होल्डरचं काय?



मागच्या थंडीत आपल्या कळंब तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वह्या लिहून झाल्या, आणि मी निघायला लागले तर एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, जरा शेडमदी येता का? दोन दिस झालं काईतरी जळल्यावानी वास येतोय, पर जळतंय काय ते दिसंना."

ताईंनी गटातून कर्ज उचलून शंभर पिल्लं आणली होती. पत्र्याच्या शेडच्या एका कोपऱ्यात गोल आडोसा केलेला, खाली तूस पसरलेलं, त्यावर पेपर आणि वर बांबूची पाटी उलटी टांगून तिच्यात शंभर वॅटचे दोन बल्ब. रात्री गारठा वाढतो म्हणून पाटीवर गोणपाटही टाकलेलं. पिल्लं टुणटुणीत होती. बल्ब दोन्ही लागत होते. वास मात्र खरंच येत होता, प्लॅस्टिक करपल्यासारखा.

मेन स्विच बंद केला, सगळं गार होऊ दिलं आणि एक बल्ब काढायला गेलो, तर बल्बाबरोबर होल्डरचा खालचा अर्धा भाग तुटून हातात आला. आतली एक स्प्रिंग काळी पडून दबून बसली होती. वायरीवरचं कव्हर वाळलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं कडक झालेलं, बोट लावलं की तुकडे पडत होते. हाच बल्ब रात्री दोन-तीनच्या सुमाराला सुटून खाली तुसावर पडला असता तर? शेडच्या भिंतीला लागूनच कडब्याची गंजी होती. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या गंजीकडे बघत राहिल्या.

त्यांच्या मालकांनी मात्र एक प्रश्न विचारला. "एवढं जळालं तर एमसीबी का न्हाई पडली? ती तर चालूच हाय की." मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर कळंबमधल्या एका जाणकार वायरमन दादांकडे बसून विचारून घेतलं, थोडं वाचलं. आजचा पाठ त्या प्रश्नाचा आहे.

होल्डरमध्ये ऊन शिरतं कुठून

होल्डर तापण्याची दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. आपण दोन्ही एकत्र करतो, म्हणून इलाज चुकतो.

पहिलं कारण बल्ब स्वतः. जुना तारेचा पिवळा बल्ब म्हणजे खरं तर छोटी शेगडीच. त्याच्या आतली बारीक तार साधारण अडीच हजार अंशांपर्यंत तापते तेव्हा कुठं उजेड पडतो. शंभर वॅटच्या बल्बाला जेवढी वीज लागते तिच्यातला जेमतेम पाच टक्के भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. अशा बल्बाच्या काचेचं तापमान दीडशे अंशांच्या पुढं जाऊ शकतं. आणि गरम हवा वर जाते हे तुम्हाला चुलीपाशी बसून माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बल्ब खाली तोंड करून टांगला की त्याच्या डोक्यावर होल्डर असतो, म्हणजे वर चढणारी सगळी झळ थेट होल्डरला. वरून पाटी आणि गोणपाट झाकलं की ती झळ बाहेर जायलाही वाट नाही.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं जातो आणि पत्र्याखालची हवा त्याहून तापलेली असते. म्हणजे बल्ब लावायच्या आधीच होल्डर गरम असतो.

दुसरं कारण ढिला जोड. आठवडी बाजार सुटल्यावर रस्ता रुंद असेल तर माणसं आरामात जातात. तीच माणसं एका अरुंद फाटकातून निघायला लागली की तिथं चेंगराचेंगरी होते. वायर म्हणजे रुंद रस्ता. होल्डरच्या आत दोन बारीक खुंट्या असतात, त्यांच्या मागं स्प्रिंग असते, आणि ही स्प्रिंग खुंटीला बल्बाच्या बुडावर दाबून धरते. दाब चांगला असेल तर वीज सहज जाते. दाब कमी झाला, खुंटीवर काळा थर बसला किंवा वायरीचा स्क्रू ढिला राहिला की तेवढ्याच जागेत विजेला अडथळा होतो आणि तिथंच उष्णता तयार होते.

आता ही दोन कारणं एकमेकांना कशी मदत करतात ते बघा. बल्बाच्या झळीनं स्प्रिंग सतत तापत राहिली की तिचा ताण मरतो, ती लेचीपेची होते. मग खुंटीचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की जोड ढिला, मग बारीक ठिणग्या. ठिणग्यांनी खुंटी अजून काळी, त्यानं अडथळा अजून जास्त, म्हणून अजून उष्णता. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. बल्ब मधूनच मिचकावतो, हलवला की परत लागतो, आणि आपण काय करतो? एक टपली मारतो आणि "लागला बघ" म्हणून पुढच्या कामाला जातो. (मीही घरी हेच करत होते, खोटं कशाला बोलू.)

बल्बच्या होल्डरवर इस्त्री

आपल्या बऱ्याच सखी शिलाईकाम करतात. घरात प्लगचा पॉइंट एकच असतो, तोही टीव्हीच्या मागं. मग दुकानात होल्डरमध्ये बसणारी ती पिन मिळते, जिच्यात खाली प्लग लावता येतो. मोबाईल चार्ज करायला ती आणली जाते. चार्जर फार कमी वीज घेतो, तोवर फारसं काही होत नाही. पण ब्लाऊज शिवून झाला, घडी मारून द्यायचाय, तर त्याच पिनेवर इस्त्री लागते. दोन घरांत मी हे डोळ्यानं पाहिलंय.

थोडा हिशेब करू या, गटाच्या हिशेबापेक्षा सोपा आहे. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. शंभर वॅटचा बल्ब तिच्यातून अर्ध्या ॲम्पिअरपेक्षाही थोडा कमी प्रवाह घेतो. हजार वॅटची इस्त्री चार ॲम्पिअरच्या वर घेते. म्हणजे दहा पट. पण ढिल्या जोडात तयार होणारी उष्णता दहा पट होत नाही, शंभर पट होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, तिप्पट झाला की नऊ पट, असा तो नियम आहे. जेम्स ज्यूल नावाच्या शास्त्रज्ञानं 1840 च्या सुमाराला तो मांडला. आपल्याला नियम पाठ करायचा नाही, पण "बल्ब तर रोज चालतो, इस्त्रीनं काय होतंय" हे म्हणणं का चुकतं ते यात आहे.

जोड जरासाच खराब असला तरी इस्त्री चालू असताना हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत पंधरा-वीस वॅट उष्णता सहज तयार होते. मोबाईल दुरुस्तीवाला जिच्यानं सोल्डर वितळवतो ती सळई साधारण पंचवीस वॅटची असते. म्हणजे जवळजवळ तसली सळई आपण होल्डरच्या पोटात घालून ठेवतो आणि खाली कापड इस्त्री करत बसतो.

आणि आता त्या मालकांच्या प्रश्नाचं उत्तर. एमसीबी किंवा फ्यूज बघतो तो फक्त वायरीतून जाणारा एकूण प्रवाह. लाईटच्या लाईनवर साधारण सहा किंवा दहा ॲम्पिअरची एमसीबी असते. इस्त्रीचे चार ॲम्पिअर त्याच्या आतच आहेत. शेडमधल्या दोन बल्बांचा प्रवाह तर एक ॲम्पिअरही भरत नाही. जोड ढिला झाल्यानं प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. त्यामुळं एमसीबीच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. होल्डर करपतोय हे तिला कळायला मार्गच नाही. दोन वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या, शॉर्ट सर्किट झालं, तर ती पडेल. पण तोवर आग लागलेली असू शकते. म्हणून हे काम आपल्या नाकाला आणि डोळ्यांनाच करावं लागतं.

"आमच्याकडं आता एलईडी आहे"

असं बऱ्याच जणी म्हणतील, आणि बरोबर आहे. 2015 मध्ये उजाला योजना आली, त्यानंतर एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोचले. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो. त्याचा प्रवाह इतका कमी की होल्डरवरचा ताण जवळजवळ संपला. बिलाचा फायदा सगळ्या सांगतात, पण होल्डर गार राहतो हा फायदाही मोठा आहे.

पण बल्ब बदलला तेव्हा होल्डर कुणी बदलला? वीस वर्षं साठ-शंभर वॅटच्या बल्बानं भाजून निघालेला तोच होल्डर अजून वर आहे. त्याचं प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, कडेला तडा गेलाय, आतली वायर उघडी पडायला आलीय. एलईडीनं तो तापणार नाही, पण बल्ब बदलताना तुटला तर बोट थेट विजेवर जाईल. जुन्या माळवदाच्या घरांत तर होल्डर लाकडी तुळईला किंवा लाकडी पट्टीवर ठोकलेला असतो. शंभर वर्षांचं वाळलेलं सागवान आणि तडकलेला होल्डर शेजारी शेजारी नकोत.

आणखी एक. एलईडी अजिबात तापत नाही असंही नाही. त्याची उष्णता काचेत नसून बुडाशी, जिथं आतलं सर्किट असतं तिथं असते. म्हणून त्याला बंद काचेच्या गोळ्यात कोंडला की तो वर्षभरात जातो आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. उघडा टांगला तर टिकतो.

पिल्लांच्या शेडमध्ये मात्र एलईडीचा उपयोग नाही, कारण तिथं आपल्याला ऊबच हवी असते. म्हणून जास्त धोका आता घरात नाही तर शेडमध्ये उरलाय. गिरीराज असो, वनराज असो की कावेरी, पिल्लू आणलं की पहिला आठवडा त्याला साधारण 35 अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. ढोबळ मानानं एका पिल्लामागं दोन वॅट धरतात. शंभर पिल्लांना दोनशे वॅट.

हे दोनशे वॅट कसे द्यायचे यात खरी युक्ती आहे. शंभरचे दोन बल्ब लावण्यापेक्षा चाळीसचे पाच लावा. ऊब तेवढीच मिळते, पण एकेका होल्डरवर येणारी झळ निम्म्याहून कमी होते. शिवाय मध्यरात्री एक बल्ब गेला तरी चार चालू राहतात, पिल्लं गारठून एकमेकांवर चढत नाहीत. शंभरचा एक गेला तर निम्मी ऊब गेली.

होल्डर पाटीच्या आत ठेवू नका. पाटीला वरून भोक पाडून होल्डर बाहेर आणि बल्ब तेवढा आत, असं बसवा. भोक थोडं मोठं ठेवा, म्हणजे गरम हवेला वाट मिळेल. गोणपाट पाटीवर टाकायचं नाही. गारठा जास्त असेल तर शेडच्या बाजूंना पडदे सोडा, ते पोतं तिथं कामाला येईल, पण वरच्या बाजूला हवा खेळायला फट राहू द्या.

पाटीचं वजन वायरीवर देऊ नका. वायरीवर ओढ बसली की स्क्रूमधला जोड ढिला होतो, तिथून पुढची गोष्ट वर सांगितलीच आहे. साखळीनं किंवा जाड तारेनं आढ्याला बांधा, आणि एक बंध सुटला तर धरायला दुसरा बंध हवाच. बल्ब आणि तूस यांत हातभर अंतर ठेवा. अंतर कमी-जास्त करायचं असेल तर पिल्लांकडं बघा. ती बल्बाखाली दाटीवाटीनं जमली तर थंडी वाजतेय, लांब कडेला जाऊन चोच उघडून बसली तर जास्त होतंय, सगळीकडं पसरून खातपीत असली तर बरोबर.

शेडसाठी होल्डर चिनी मातीचा घ्या. तो उष्णतेनं मऊ पडत नाही, जळत नाही. नाही मिळाला तर चांगल्या बॅकेलाइटचा. बॅकेलाइट एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही, म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ ते विजेच्या सामानात वापरतात. बाजारात स्वस्तातला चकचकीत होल्डर मिळतो, तो बहुतेक वेळा साध्या प्लॅस्टिकचा असतो आणि झळ लागली की मऊ पडतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून आयएसआयचा शिक्का आणि किती वॅटपर्यंत चालतो ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला लावा, त्यात लाजायचं काही नाही. वायरसुद्धा तपासा. घरातल्या साध्या वायरीचं कव्हर सत्तर अंशांपर्यंतच टिकतं. होल्डरजवळच्या वीतभर वायरीवर उष्णता सोसणारी काचधाग्याची नळी चढवून द्या असं वायरमनला सांगा, त्यांना ती माहीत असते.

हेच येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत दुकान लावणाऱ्या सखींनाही लागू आहे. तिथं एका वायरीला चार वायरी पिळून जोडलेल्या असतात आणि बल्बाला टेकून कापडाचं छत. एलईडी लावा आणि कापड लांब ठेवा, एवढंही पुरे.

तपासायचं कसं

दिवसा, उजेडात करा. आधी मेन स्विच बंद करा. नुसतं भिंतीवरचं बटन बंद करून भागत नाही, कारण काही घरांत वायरिंग उलटं झालेलं असतं आणि बटन बंद असलं तरी होल्डरमध्ये वीज असते. बल्ब गार होऊ द्या, पायात कोरडी चप्पल, उभं राहायला लाकडी स्टूल, हात कोरडे. मग बल्ब काढा आणि आत बघा.

दोन्ही खुंट्या एकाच उंचीवर आहेत का? एखादी आत दबून राहिली असेल तर तिची स्प्रिंग मेली. बल्बाच्या बुडावर जिथं खुंटी टेकते तिथं काळा खड्डा पडलाय का? होल्डर मूळचा पांढरा असेल तर तो कडेनं पिवळा-तपकिरी झालाय का? वायर वाकवल्यावर कव्हर तडकतंय का? यातलं एक जरी दिसलं तरी होल्डर बदलायचा. नवा बल्ब लावून उपयोग नाही, कारण बिघडलेला होल्डर नव्या बल्बाचं बूडही काळं करतो.

आणि रोज चालू असताना तीन गोष्टींकडं लक्ष असू द्या: करपट वास, बल्बाचं मिचकावणं आणि होल्डरमधून येणारा बारीक चर्र आवाज. तीनपैकी काहीही झालं तरी टपली मारायची नाही. बंद करायचं.

बघायचं काम आपलं. वायर सोडायचं-जोडायचं काम लायसन्स असलेल्या वायरमनचं. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, तिथं ठिणग्या दिसल्या तर 1912 नंबरला फोन करता येतो. मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं, म्हणजे आपलंच. वायरमनला बोलावलंच आहे तर मेनला आरसीसीबी आहे का तेही विचारा. माणसाला शॉक बसायला लागला की ती वीज तोडते. ढिल्या जोडाची आग मात्र तीही ओळखत नाही.

आग लागलीच तर पाणी मारू नका. आधी मेन बंद, मग कोरडी माती किंवा वाळू. शेडच्या दाराशी वाळूची एक बादली ठेवायला पैसे लागत नाहीत.

त्या ताईंनी पाच होल्डर चिनी मातीचे घेतले, पाटी नव्यानं टांगली आणि कडब्याची गंजी शेडपासून लांब हलवली. गंजी हलवायला गटातल्या सहा जणी गेल्या होत्या, अर्धा दिवस लागला. पिल्लं मोठी झाली, कर्जाचे हप्ते चालू आहेत. मालकांना मी एमसीबीचं उत्तर सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी ती राखण करती, पर झोपल्यावानी."

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत यासाठी दहा मिनिटं मागून घेतली आहेत. घरात किंवा शेडमध्ये तुम्ही बदललेला जुना होल्डर टाकून देऊ नका, पिशवीत घालून आणा. एक-दोन फोडून आतली स्प्रिंग सगळ्यांना हातात घेऊन बघता येईल. ज्यांनी कुक्कुटपालनाला कर्ज मागितलंय त्यांनी शेडमध्ये किती बल्ब, किती वॅटचे आणि होल्डर कशाचा, हे वहीत लिहून आणा.